लोनाड : दान दिलेल्या गावाचा इतिहास

ठाणे जिल्ह्याच्या प्राचीन इतिहासाची चर्चा बहुधा सोपारा, कल्याण, ठाणे आणि वसई या चार नावांभोवती फिरते. ही बंदरांची आणि राजधान्यांची नावे आहेत. व्यापारी, प्रवासी आणि राजे यांनी त्यांचा उल्लेख केला, म्हणून ती इतिहासात आली. पण बंदराला भात पुरविणारे, राजधानीला महसूल देणारे खेडे इतिहासात कोणत्या वाटेने येते? या प्रश्नाचा विचार करण्यासाठी भिवंडी तालुक्यातील लोनाड हे गाव फार उपयोगी आहे. कल्याणच्या उत्तरेस, उल्हास नदीच्या पलीकडे वसलेले हे गाव कधी राजधानी नव्हते, बंदर नव्हते, युद्धभूमीही नव्हती. तरीही त्याच्या टापूत एक प्राचीन लेणे आहे, एका मोडक्या शिवालयाचे अवशेष आहेत, आणि या टापूशी निगडित अशी शिलाहार राजांची तीन शासने ज्ञात आहेत. ही शासने दानाची आहेत. गाव इतिहासात आले ते कोणीतरी कोणाला तरी काहीतरी दिले म्हणून. अशा नोंदींतून गावाचा इतिहास किती वाचता येतो, आणि त्यांत काय वाचायचे राहून जाते, हे पाहण्याचा येथे प्रयत्न आहे.

प्रथम भूगोल. सह्याद्रीत उगम पावलेली उल्हास कर्जत, बदलापूरवरून कल्याणला येते. कल्याणच्या आसपास तिला काळू मिळते. काळूला त्याआधी भातसई मिळालेली असते. येथून पुढे उल्हास नदी न राहता खाडी होते, आणि ठाण्याला वळसा घालून वसईजवळ समुद्रास मिळते. भरतीचे पाणी कल्याणपर्यंत चढते. म्हणूनच समुद्रापासून इतक्या आत असूनही कल्याण बंदर होऊ शकले. नदीच्या उत्तरेस काळ्या पाषाणाच्या ठेंगण्या टेकड्या, त्यांच्या उतारांवर वरकस जमीन आणि सखल भागात भातखाचरे असा हा प्रदेश आहे. वरकसावर पालापाचोळा गोळा करून राब भाजायचा, पहिल्या पावसात रोप टाकायचे, आषाढात लावणी करायची, हे येथील शेतीचे शतकानुशतकांचे चक्र.

कल्याणहून घाटावर जाणाऱ्या दोन मोठ्या वाटा होत्या. एक मुरबाडवरून नाणेघाट चढून जुन्नरला जाई, दुसरी शहापूरवरून थळघाटाने नाशिकला. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासग्रंथात कल्याणचा उल्लेख आहे, आणि कान्हेरीच्या लेण्यांतील दानलेखांत कल्याणच्या रहिवाशांची नावे सापडतात. लोनाड हे या दुसऱ्या वाटेच्या बाजूला, कल्याणपासून चालत जाता येईल अशा अंतरावर पडते. भिक्षूंच्या वर्षावासाला अशीच जागा सोयीची असते: भिक्षेसाठी वस्ती जवळ, पण बाजाराचा गलबला दूर. येथे लेणे खोदले गेले यात नवल नाही.

इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकाच्या सुमाराचे मानले जाणारे हे लेणे आज खांडेश्वरी देवीचे स्थान म्हणून ओळखले जाते. मूळ उपासना गेली, गावाने तेथे आपली देवी आणली, आणि त्यामुळेच जागा राबती राहिली. लेण्यात राजपरिवाराचे दृश्य दाखविणारा एक शिल्पपट्ट आहे. काही अभ्यासक त्यात विश्वंतर जातकाची कथा वाचतात. ही ओळख मान्य केली, तर एक विलक्षण योग दिसून येतो. विश्वंतर हा दानशूर राजपुत्र. कलिंगात दुष्काळ पडला असता तेथील ब्राह्मण त्याच्याकडे पाऊस आणणारा पांढरा हत्ती मागतात, आणि तो देऊन टाकतो. त्यावर त्याच्याच राज्यातील प्रजा खवळते. तिची तक्रार सरळ आहे: हत्ती राजपुत्राच्या पागेत असला तरी पाऊस सर्वांचा होता, तो देण्याचा अधिकार याला कोणी दिला? प्रजेच्या मागणीवरून विश्वंतराला वनवासात जावे लागते. तेथेही तो दान थांबवीत नाही. आपली मुले देतो, पत्नीही देतो. कथेच्या शेवटी सर्व काही परत मिळते आणि दानपारमिता सिद्ध होते. पण वाचकाच्या मनात दोन गोष्टी रेंगाळतात: प्रजेचा तो प्रश्न, आणि ज्यांना देण्यात आले त्या मुलांचे रडणे. पुढील अनेक शतकांत या टापूत जी दाने झाली, त्यांच्याकडे पाहण्याची दृष्टी या कथेने आधीच देऊन ठेवली आहे.

पहिले शासन शके ९१९, म्हणजे इ. स. ९९७ मधील. उत्तर कोकणच्या शिलाहार वंशातील अपराजित राजाचा हा ताम्रपट भादाणे येथील दानाचा म्हणून ‘भादाण ताम्रपट’ या नावाने ओळखला जातो. भादाणे हे गाव आजही त्याच नावाने भिवंडी तालुक्यात आहे. या ताम्रपटाने भादाण गाव लवणेतट येथील लोणादित्य देवाच्या पूजेअर्चेसाठी दिले. लवणेतट म्हणजेच लोनाड, असे अभ्यासकांनी ठरविले आहे. राजकीय इतिहासाच्या दृष्टीने हा ताम्रपट महत्त्वाचा समजला जातो, कारण शिलाहारांचे पूर्वीचे स्वामी राष्ट्रकूट यांची वंशावळ त्यात दिलेली असून चालुक्य तैलपाने त्यांची सत्ता उलथून टाकल्याची खंत व्यक्त केली आहे. राष्ट्रकूटांचे राज्य ९७३ मध्ये गेले होते. चोवीस वर्षे उलटून गेल्यावरही एक मांडलिक आपल्या नाहीशा झालेल्या स्वामीची आठवण खेड्याच्या दानपत्रात कोरून ठेवतो, यात निष्ठा किती आणि नव्या सत्तेला दिलेले उत्तर किती, हे ठरविणे कठीण आहे.

साहित्याच्या अभ्यासकाला मात्र यातील नावे अधिक बोलकी वाटतील. गावाचे नाव लवणेतट आणि देवाचे नाव लोणादित्य. एकाच शासनात ‘लवण’ हे संस्कृत रूपही आहे आणि ‘लोण’ हे प्राकृतही. गावाचे नाव लिहिताना लेखकाने त्याला संस्कृत पेहराव चढविला, पण देवाचे नाव लोकांच्या तोंडी जसे होते तसेच राहू दिले. देवाला लोक रोज हाक मारीत असणार; ती हाक बदलणे लेखकाच्या हाती नव्हते. पुढे टिकले तेही लोकांच्या तोंडचेच. लवणेतट ताम्रपटात राहिले आणि लोनाड आजही नांदते आहे. आदित्याची, म्हणजे सूर्याची, उपासना मात्र गावातून गेली. आज तेथे अवशेष दिसतात ते शिवालयाचे. नावातील मिठाचा संबंध खाडीच्या खाऱ्या पाण्याशी जोडण्याचा मोह होतो. ज्या प्रदेशात मिठागरांच्या ‘आगर’ या शब्दावरून आगरी हे समाजाचे नाव आले असे सांगितले जाते, तेथे हा मोह अगदीच निराधार म्हणता येणार नाही.

दानपत्राचा साचा ठरलेला असे. याज्ञवल्क्य स्मृतीच्या आचाराध्यायात त्याचा विधीच सांगितला आहे. राजाने भूमी दिली की पुढे होणाऱ्या भल्या राजांना कळावे म्हणून लेख करवावा. तो कापडावर किंवा तांब्याच्या पत्र्यावर असावा. त्यात आपल्या पूर्वजांची आणि आपली नावे, दानाचे परिमाण आणि सीमा असाव्यात. वर आपली मुद्रा, खाली आपली सही आणि काळाचा निर्देश असावा. म्हणजे ताम्रपट हा आधी एक लेखनप्रकार आहे आणि मग इतिहासाचे साधन. विशेष हे की, याज्ञवल्क्य स्मृतीवरील सुप्रसिद्ध ‘अपरार्क’ टीका लिहिणारा बाराव्या शतकातील पहिला अपरादित्य हा याच शिलाहार वंशातला. शासने देणाऱ्या घराण्यातच शासनांचे शास्त्र सांगणारा भाष्यकार जन्मला.

या साच्यात वंशावळीला जागा आहे, अधिकाऱ्यांना आहे, दान घेणाऱ्याच्या गोत्राला आहे, चतुःसीमांना आहे. गाव कसणाऱ्याला त्यात जागा नाही. पूर्वेला कोणते गाव, पश्चिमेला कोणती नदी हे सांगितले जाते, पण त्या सीमांच्या आत नांगर कोण धरतो हे सांगण्याची गरज त्या लेखनप्रकाराला भासत नाही. राजाने दिली ती माती की मातीतून येणारा राजभाग, यावर इतिहासकारांत पुष्कळ वाद झाला आहे. रामशरण शर्मा यांनी १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘इंडियन फ्यूडॅलिझम’ या ग्रंथात अशा भूमिदानांतून सरंजामशाही व्यवस्था उभी राहिल्याचे मांडले; इतरांनी ते नाकारले. पण हा प्रश्न आधुनिक नाही. जैमिनीच्या मीमांसासूत्रांत विश्वजित यागाचा विचार आला आहे. या यागात यजमानाने सर्वस्व द्यायचे असते. मग राजाने पृथ्वीही द्यावी काय? उत्तर स्पष्ट आहे: देऊ नये, कारण भूमीवर सर्वांचा सारखाच हक्क आहे. जातकातील प्रजेने हत्तीविषयी जे विचारले, तेच मीमांसकाने भूमीविषयी सांगितले. ही शंका बाहेरून आलेली नाही. ती आपल्याच परंपरेत दोन ठिकाणी, दोन वेगळ्या पंथांत नोंदलेली आहे. दानपत्रे लिहिणाऱ्यांनी मात्र तिची दखल घेतल्याचे दिसत नाही.

लोनाडचे दुसरे शासन दुसऱ्या अपरादित्याच्या काळातील शके ११०६, म्हणजे इ. स. ११८४ च्या सुमाराचा शिलालेख. तिसरे शके ११६१ (इ. स. १२३९-४०) मधील, ते लोनाडजवळच्या चौधरपाड्याचे म्हणून ओळखले जाते. त्यात अपरार्काचा, म्हणजे या दुसऱ्या अपरादित्याचा, पुत्र केशिदेव याने ब्रह्मपुरी नावाचे गाव शोंपेश्वर महादेवाच्या भक्तीत रमलेल्या कवी सोमन याला दिले आहे. ब्रह्मपुरी ही शिवालयांमुळे रमणीय असल्याचे लेख सांगतो. शिवाय बापग्रामातील माजसपल्ली ही वाडी शोंपेश्वराच्या चार पूजकांना दिल्याचा उल्लेख आहे.

बापग्राम म्हणजे आजचे बापगाव. कल्याणहून गांधारीचा पूल ओलांडून पडघ्याकडे निघाले की हे गाव लागते. माजसपल्लीतील ‘पल्ली’ हा शब्द ठाणे जिल्ह्यातील ‘वली’ने संपणाऱ्या कित्येक ग्रामनामांच्या मुळाशी असल्याचे मानले जाते. ज्याला आपण आज पाडा किंवा वाडी म्हणतो, तशी ती छोटी वस्ती. मोठ्या गावातली एक वाडी वेगळी काढून चार माणसांच्या हवाली करावी, इतके बारीक व्यवहार तेराव्या शतकात दगडावर कोरले जात होते. सोमन हा कवी होता, पण आज आपण त्याला ओळखतो ते त्याच्या काव्यामुळे नव्हे, मिळालेल्या गावामुळे. ज्ञानेश्वरीच्या अर्धशतक आधी, कल्याणच्या पलीकडच्या तीरावर एक कवी राजाश्रयाने राहत होता, एवढेच हा दगड सांगतो.

शासन संस्कृतात असे, आणि ते वाचू शकणारे गावात थोडेच. मग दानाचे रक्षण कसे व्हायचे? शिलाहारांच्या कोकणातील अनेक दानशिलांवर याचे उत्तर कोरलेले आहे. वर चंद्र आणि सूर्य, म्हणजे ते असतील तोवर दान चालावे. खाली गाढव आणि स्त्री यांचे ते सर्वपरिचित, पाहणाऱ्याला ओशाळवाणे करणारे चित्र, ज्याला ‘गद्धेगाळ’ म्हणतात. जो हे शासन मोडील त्याच्या आईची अशी विटंबना होईल, हा त्याचा अर्थ. कधी ही शिवी शब्दांतही येते, आणि तेव्हा ती येते मराठीत. परळचा शके ११०८ चा शिलालेख याचे ठळक उदाहरण: दानाचा मजकूर संस्कृतात, शेवटची गाळ मराठीत. शं. गो. तुळपुळे यांनी १९६३ साली ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ या ग्रंथात असे लेख एकत्र आणल्यापासून मराठीच्या अभ्यासकांना ही गोष्ट नवी नाही.

तिचा अर्थ मात्र पुरेसा चर्चिला गेलेला नाही. मराठीच्या आरंभकाळच्या लिखित नमुन्यांत आपण भाषेचा उदय पाहतो आणि सुखावतो. पण येथे मराठी कोणाशी बोलते आहे, आणि काय बोलते आहे? देवाशी, राजाशी, पंडिताशी व्यवहार संस्कृतात पुरा झाला. उरला तो शेतावर जाणारा, बांध सरकवू शकणारा, वसूल नाकारू शकणारा माणूस. त्याला धाक घालण्यासाठी त्याची भाषा वापरली गेली. साऱ्या शासनात गावकऱ्याला उद्देशून असे काही असेल तर ती ही शिवी. आणि गुन्हा पुरुषाने केला तरी शिक्षेचे चित्र त्याच्या आईच्या देहावर कोरलेले आहे. जातकातील मुलांप्रमाणे तिलाही कोणी विचारलेले नाही. मराठी लेखनाच्या इतिहासात हे पान आहे, आणि अभिजाततेचा गौरव करताना ते मिटून ठेवणे योग्य नाही.

चंद्रसूर्य असेतोवर चालावे म्हणून दिलेल्या या दानानंतर सुमारे पंचवीस वर्षांतच, १२६५ च्या सुमारास, देवगिरीच्या महादेव यादवाने शेवटचा शिलाहार सोमेश्वर याचा पराभव केला आणि उत्तर कोकणचे ते राज्य संपले. त्यानंतर सत्ता अनेक आल्या, पण लोनाडचे महत्त्व उत्तरोत्तर कमीच होत गेले. १८५४ साली रेल्वे कल्याणला पोहोचली आणि पुढे टिटवाळा, आसनगाववरून कसारा घाटाकडे गेली. नदीपलीकडची वाट बाजूला पडली. १८८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरने लोनाडच्या अवशेषांची नोंद घेतली. जेम्स कॅम्बेल यांनी संपादित केलेल्या या कामाला पंडित भगवानलाल इंद्रजी यांच्या संशोधनाचे मोठे साहाय्य झाले होते. अशा रीतीने गाव पुन्हा लेखनात आले, पण अवशेषांचे स्थळ म्हणून.

कसणाऱ्याचे नाव सरकारी कागदावर येण्याची कथा निराळीच आहे. इंग्रजी अमदानीतील भूमापनाने प्रत्येक शेताला क्रमांक दिला आणि खातेदाराचे नाव लिहिले. पण खातेदार आणि कसणारा हे अनेकदा एक नसत. १९४८ च्या मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायद्याने कुळाला संरक्षण दिले, आणि पुढील दुरुस्तीनुसार १ एप्रिल १९५७ हा ‘कृषकदिन’ ठरून कुळाला कसत असलेल्या जमिनीचा मालक होण्याचा मार्ग खुला झाला. भादाण ताम्रपटापासून मोजले तर ९६० वर्षांनी. सातबाराचा उतारा कोणी साहित्य म्हणून वाचत नाही. तरीही या प्रदेशाच्या लेखनेतिहासात ज्या प्रकाराने नांगर धरणाऱ्याला नावानिशी जागा दिली तो हा, हे नाकारता येणार नाही. अर्थात सर्वांनाच ती मिळाली असे नाही. कातकऱ्यांसारख्या, ज्यांच्या वहिवाटीची कधी नोंदच झाली नव्हती अशा समाजांना कुळकायद्याचाही फारसा उपयोग झाला नाही. त्यांच्यापुरता ताम्रपटातील तो अनुल्लेख संपलेला नाही.

आज भिवंडी तालुका देशातील मोठ्या गोदामक्षेत्रांपैकी एक आहे. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरीपासूनचा शेवटचा टप्पा सुरू झाला, आणि नागपूरहून येणारा ७०१ किलोमीटरचा हा रस्ता याच तालुक्यातील आमणे येथे येऊन संपतो. कल्याणहून घाटावर जाणारी जुनी वाट फार मोठ्या रूपात परत आली, असे म्हणता येईल. भातखाचरांत भराव पडतो, त्यावर पत्र्याची गोदामे उभी राहतात, आणि जमिनीचे हस्तांतर पुन्हा एकदा या भागातील मुख्य व्यवहार होऊन बसते.

या हस्तांतराची भाषा पाहावी. मराठी खरेदीखतात मिळकतीच्या चतुःसीमा आजही दिशावार लिहिल्या जातात. त्यानंतर ठरावीक शब्दांची माळ येते: जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात या शब्दांवर कोणी थांबत नाही. पण भूमी ‘तृण, काष्ठ, उदक यांसह’ देण्याची ही भाषा थेट ताम्रपटांच्या साच्यातली आहे. राजे गेले, लोणादित्य गेला, गाढवाची शिवी गेली. दानपत्राचा मधला भाग मात्र मुद्रांकाच्या कागदावर जिवंत आहे. फरक एवढाच आणि तो मोठा: आता देणारा म्हणून शेतकऱ्याचे स्वतःचे नाव असते. सातबारावर आलेले नाव दोन-तीन पिढ्यांत खरेदीखतावर जाऊन पुसले जाते. हा निर्णय त्याचा असतो, त्याला मोबदला मिळतो, आणि भातशेतीने त्याला काय दिले हे ठाऊक असलेल्या कोणीही त्याला दोष देऊ नये. पण विश्वंतराच्या प्रजेचा प्रश्न त्यामुळे सुटत नाही. खाचरात मुरणारे पाणी, माळावरचे गवत, वरकसावरचा पाला यांवर ज्यांची गुजराण होती, त्यांतले सगळेच खरेदीखतावर सही करणारे नसतात.

इतिहासाच्या अभ्यासकाने येथे काय करावे? वा. वि. मिराशी यांनी शिलाहारांचे लेख साक्षेपाने संपादित करून ठेवले आहेत. ते काम पुन्हा करण्याची गरज नाही. उरले आहे ते दुसरे काम. भूमापनाने शेतांना क्रमांक दिले, तरी गावात शेतांना नावे असतात: पाण्यावरून, झाडावरून, देवावरून, एखाद्या पूर्वजावरून. सातबाऱ्यावर शेताच्या स्थानिक नावासाठी रकाना असतो, पण ही सगळी नावे त्यात येतातच असे नाही. कसणाऱ्या माणसाने स्वतःच्या भाषेत केलेले हे भूमीचे लेखन आहे, आणि ते मुख्यतः तोंडी आहे. ‘लोण’ हा शब्द हजार वर्षे टिकला तो अशाच तोंडांमुळे. ज्या खाचरावर गोदाम उभे राहते, त्याचे नाव घेण्याचे कारण त्या दिवसापासून कोणालाच उरत नाही. कल्याण-डोंबिवलीच्या महाविद्यालयांतून मराठी शिकणारी कितीतरी मुले या खाडीकाठच्या गावांतून येतात. त्यांच्यापैकी काहींनी आपल्या गावातील वृद्धांना विचारून, भूमापन क्रमांकांसमोर ही नावे लिहून काढली, तर दोन-चार पावसाळ्यांत एक असा दस्तऐवज तयार होईल, ज्यात लोनाड आणि त्याच्या शेजारची गावे प्रथमच त्यांत राहणाऱ्यांच्या शब्दांत लिहिलेली असतील.